जीवशास्त्राच्या अभ्यासपुस्तकांची पाठपरंपरा आणि विद्यार्थ्यांचीं जर्नलें

१

जुन्या घरांतील दप्तरें उघडतांना पोथ्या, सनदा, खतें आणि जमाखर्चाचे रुमाल यांच्या जोडीला एक निराळ्याच जातीची वही पुष्कळदां हातीं येते. पुठ्ठ्याची बांधणी, एका बाजूस कोरा व दुसऱ्या बाजूस रेघांचा कागद, कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीनें काढलेला पोट उघडलेला बेडूक किंवा चिरलेलें गांडूळ, समोरच्या पानावर त्याचें वर्णन, आणि खालीं अध्यापकाची सही व तारीख, असें तिचें स्वरूप असतें. मॅट्रिकनंतर इंटर सायन्सच्या वर्गांत जीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यानें प्रयोगशाळेंत केलेल्या कामाची ही नोंदवही; तिला विद्यार्थी व अध्यापक सारखेच ‘जर्नल’ म्हणत. संग्राहक सनद जपून ठेवतो, पोथीस नवा रुमाल देतो आणि जर्नल रद्दीवाल्याच्या तागडींत टाकतो. मुद्रित क्रमिक पुस्तकें सर्वत्र मिळतात, मग विद्यार्थ्याच्या वहींत त्याहून अधिक तें काय असणार, असा त्याचा समज असतो.

हा समज चुकीचा आहे असें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. जीवशास्त्राच्या शिक्षणाच्या इतिहासांत एकच प्रश्न महत्त्वाचा आहे : विद्यार्थ्यानें प्राणी पाहिला कीं पुस्तक पाहिलें? अभ्यासक्रमाच्या छापील पत्रकांवरून या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. तें मिळण्याचा संभव केवळ या वह्यांत आहे. आणि तें काढून घेण्याची रीत पोथ्यांचे पाठभेद लावणारांस चांगली परिचयाची आहे. मात्र त्याकरितां या वह्या ज्या मूळ ग्रंथापासून उतरल्या, त्या ग्रंथाची हकीकत प्रथम पाहिली पाहिजे.

२

इंग्लंडांत टॉमस हेन्री हक्स्ले हे १८५४ पासून रॉयल स्कूल ऑफ माइन्स या संस्थेंत सृष्टिविज्ञान शिकवीत. तेथें प्रयोगशाळा नव्हती. व्याख्यान, फळ्यावरील आकृति आणि दुरून दाखविलेले नमुने, एवढ्यावरच काम भागवावें लागे. शाळांतील स्थिति याहून वाईट होती. ‘सायन्स अँड आर्ट डिपार्टमेंट’ हें सरकारी खातें परीक्षा घेई आणि विद्यार्थी उत्तीर्ण होतील त्या मानानें शिक्षकास पैसे देई. हक्स्ले स्वतः त्या खात्याचे परीक्षक होते. जो विषय पाठ करून घेतां येतो तो पाठच करून घ्यावा, याकडे शिक्षकाचा ओढा असणें अशा व्यवस्थेंत स्वाभाविक होतें.

१८७१ च्या उन्हाळ्यांत हक्स्ले यांनीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागांत शाळामास्तरांसाठीं एक वर्ग चालविला. मायकेल फॉस्टर, रे लँकेस्टर आणि विल्यम रदरफर्ड हे त्यांचे सहाय्यक होते. आधीं व्याख्यान, आणि त्याच दिवशीं त्याच विषयाचें काम मास्तरांनीं स्वतःच्या हातानें करावयाचें, हा त्या वर्गाचा नियम. सूक्ष्मदर्शकांतून पाहावें, सुरीनें चिरावें, जें दिसेल तें कागदावर काढावें. पुढील वर्षीं, म्हणजे १८७२ मध्यें, त्यांच्या विद्यार्थ्यांचा वर्गही साउथ केन्सिंग्टन येथील नव्या इमारतींत गेला, आणि ही रीत कायम झाली.

या वर्गाच्या कामावरूनच १८७५ मध्यें हक्स्ले यांनीं एच्. नेवेल मार्टिन यांच्या सहाय्यानें प्रात्यक्षिक जीवशास्त्राचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याचीं प्रकरणें तेरा. पहिलें यीस्टचें, नंतर हिरवें एकपेशीय प्रोटोकॉकस, अमीबा, जंतु, बुरशी, कारा नांवाची पाणवनस्पति, नेचा व बीनचें झाड, पुढें व्होर्टिसेला, हायड्रा, गोड्या पाण्यांतील शिंपला, क्रेफिश, आणि शेवटीं बेडूक. प्रत्येक प्रकरणांत आधीं त्या जीवाचें वर्णन आणि मागाहून प्रयोगशाळेंत करावयाच्या कामाच्या पायऱ्या, अशी रचना आहे. प्राणी आणि वनस्पति यांचा अभ्यास हीं दोन निराळीं शास्त्रें नसून सजीवांचें शास्त्र एकच आहे, हा हक्स्ले यांचा सिद्धांत या अनुक्रमणिकेंतच गोंवलेला आहे. मोजके प्रातिनिधिक जीव घेऊन त्यांच्याद्वारें सर्व सृष्टीची ओळख करून देण्याच्या या पद्धतीस पुढें ‘टाइप’ पद्धति हें नांव पडलें. मार्टिन १८७६ मध्यें अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत अध्यापक होऊन गेले, तेव्हां ही पद्धति अटलांटिकच्या पलीकडे पोंचली.

संशोधकानें येथें एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. १८७५ च्या या पुस्तकांत चित्रें नव्हतीं. विद्यार्थ्यासमोर प्रत्यक्ष प्राणी असावयाचा आणि चित्र त्यानें काढावयाचें. म्हणजे ग्रंथाचा अर्धा भाग छापलेला, आणि उरलेला अर्धा प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या वहींत लिहावयाचा, अशी ही योजना होती. विद्यार्थ्याची वही ही मूळ कल्पनेप्रमाणें ग्रंथाची नक्कल नसून त्याचा उत्तरार्ध होय.

३

या ग्रंथाच्या दोन वाचना आहेत. दुसरी वाचना १८८८ ची. ती जी. बी. हाउझ आणि डी. एच्. स्कॉट यांनीं सुधारून व वाढवून सिद्ध केली, आणि तिला हक्स्ले यांची प्रस्तावना आहे. तींत प्रकरणांचा क्रम उलटला आहे. पहिल्या वाचनेंत जो बेडूक शेवटीं होता तो दुसरींत प्रारंभीं आला, आणि सूक्ष्म जीव मागें गेले. गांडूळ व गोगलगाय यांचींही प्रकरणें नवीन दाखल झालीं.

क्रम उलटण्याचें कारण हक्स्ले यांनीं प्रस्तावनेंत दिलें आहे. साध्याकडून गुंतागुंतीकडे हा मार्ग तर्काला सुसंगत खरा. पण दोनतीन वर्षांच्या अनुभवानें त्यांस आढळून आलें कीं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणें विद्यार्थ्यास सोपें पडतें. बेडूक किंवा ससा प्रत्येकानें पाहिलेला असतो, आणि त्याच्या शरीराची तुलना आपल्याच शरीराशीं पदोपदीं करतां येते. यीस्टचा कण मात्र त्यानें पूर्वीं कधींच पाहिलेला नसतो, आणि तो ज्या यंत्रांतून पाहावयाचा तें यंत्रही त्यास नवें असतें.

पोथ्यांच्या अभ्यासकांस या फरकाचें महत्त्व सांगावयास नको. एखाद्या अभ्यासक्रमाचा किंवा वहीचा क्रम यीस्टपासून बेडकाकडे जातो कीं बेडकापासून खालीं उतरतो, यावरून ती कोणत्या वाचनेच्या शाखेंतील आहे याचा पहिला अंदाज बांधतां येतो. गांडुळाचें प्रकरण असेल, तर तें या ग्रंथाच्या पहिल्या वाचनेवरून आलेलें नाहीं एवढें तरी निश्चित.

४

चित्रांचा इतिहास याहून निराळा, आणि आपल्या प्रश्नास अधिक जवळचा आहे. १८८५ मध्यें, म्हणजे दोन वाचनांच्या मधल्या काळांत, हाउझ यांनीं प्रात्यक्षिक जीवशास्त्राचा एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यालाही हक्स्ले यांचीच प्रस्तावना आहे. चित्रें उत्तम होतीं, आणि प्रयोगशाळेंत गोंधळून जाणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांचा आधार झाला असेल यांत संशय नाहीं. पण जो उत्तरार्ध विद्यार्थ्यानें लिहावयाचा होता तो आतां छापून मिळूं लागला. आणि ज्या क्षणीं चित्र छापलें गेलें त्या क्षणीं त्याची नक्कल करणें शक्य झालें.

पुढील पायरी परीक्षांनीं घातली. पुढें कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आलेले एच्. जी. वेल्स हे १८८४-८५ या वर्षांत साउथ केन्सिंग्टन येथें हक्स्ले यांच्या वर्गांत शिकले होते. १८९३ मध्यें त्यांनीं जीवशास्त्राचें दोन भागांचें क्रमिक पुस्तक लिहिलें. तें टपालाच्या द्वारें शिकविणाऱ्या एका संस्थेसाठीं, लंडन विद्यापीठाच्या परीक्षांचा अभ्यासक्रम समोर ठेवून लिहिलेलें होतें. पहिल्या भागांत ससा, बेडूक, डॉगफिश व अँफिऑक्सस हे चार प्राणी आहेत. आकृति वेल्स यांनीं स्वतःच काढल्या, आणि पुढील आवृत्त्यांत त्या दुसऱ्या हातानें नव्यानें काढण्यांत आल्या. या पुस्तकाचा उपोद्घात हाउझ यांचाच. हक्स्ले यांच्या वर्गांत सुरी हातीं घेऊन शिकलेल्या शिष्यानें, घरीं बसून परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याकरितां लिहिलेला हा ग्रंथ होता. वेल्स यांस दोष देण्याचें कारण नाहीं. ज्यांस प्रयोगशाळेचा लाभ नव्हता त्यांची सोय त्यांनीं केली. पण अवघ्या बावीस वर्षांत ही परंपरा कोठून निघून कोठें आली, हें येथें स्पष्ट दिसतें.

५

हिंदुस्थानांतील कॉलेजांत हा अभ्यासक्रम आला तो इंग्रजी पुस्तकांसह आला, आणि येथें एक मौजेची अडचण उभी राहिली. पुस्तकांतील प्राणी येथें नव्हते. क्रेफिश हा प्राणी हिंदुस्थानच्या नद्यांत मुळींच नाहीं. पुस्तकांतील डॉगफिश हा उत्तरेकडील समुद्रांतला मासा. बेडूक होता, पण तो राना टेम्पोरेरिया नसून राना टायग्रीना, म्हणजे आपल्याकडील मोठा पिंवळसर हिरवा बेडूक होता. गांडूळही होतें, आणि खरा घोंटाळा तेथेंच झाला. कारण नांव तेंच, रूपही वरवर तेंच, पण घडण निराळी.

इंग्रजी पुस्तकांतील गांडूळ लुम्ब्रिकस जातीचें. त्याच्या प्रत्येक वलयावर बारीक कांटे आठ, तेही दोन दोन मिळून चार जोड्यांनीं असतात. कातडी जाड होऊन झालेला जो पट्टा, ज्यास पर्याणिका म्हणतात, तो ३२ पासून ३७ व्या वलयापर्यंत असतो. नराचीं जननछिद्रें १५ व्या वलयावर. शरीरांतील मल बाहेर टाकणाऱ्या नलिका बहुतेक प्रत्येक वलयांत एक जोडी, आणि त्या थेट कातडीवर उघडतात. आपल्याकडील वर्गांत जें गांडूळ चिरलें जाई तें फेरेटिमा पोस्थ्युमा. त्याचे कांटे वलयाभोंवतीं संबंध कडें करून असतात. पर्याणिका १४ ते १६ या तीनच वलयांवर असते. नराचीं छिद्रें १८ व्या वलयावर असतात. आणि उत्सर्जक नलिका अगदीं बारीक, पण संख्येनें पुष्कळ असतात.

या बारीक नलिकांची गोष्ट प्रो. करमनारायण बहल यांनीं १९१९ मध्यें उलगडली. पुढें ते लखनौ विद्यापीठांत प्राणिशास्त्राचे अध्यापक म्हणून विख्यात झाले. फेरेटिमाच्या वलयांमधील पडद्यांवर ज्या नलिका असतात त्या बाहेर न उघडतां आंतड्यांत उघडतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. गांडुळाच्या शरीरांत अशी व्यवस्था असते हें तोंपर्यंत शास्त्रास ठाऊक नव्हतें. टाकाऊ द्रवांतील पाणी आंतड्यांत पुन्हां शोषून घेतां यावें व कोरड्या ऋतूंत शरीरांतील ओल टिकावी, असा तिचा उपयोग त्यांनीं सांगितला. जो प्राणी वर्गावर्गांतून चिरला जात होता, त्याच्याच पोटांत हा शोध पडून होता. पुस्तकांतील नलिकेचें चित्र प्रमाण मानून चालणारास तो कधींच लागला नसता. तो लागला तो गांडुळावर विश्वास ठेवणारास.

बहल यांनीं एवढ्यावरच न थांबतां ‘इंडियन झूऑलॉजिकल मेमॉयर्स’ ही ग्रंथमाला काढली. हिंदी विद्यार्थ्याच्या टेबलावर जो प्राणी येतो त्याचेंच वर्णन त्याच्या हातीं असावें, हा तिचा उद्देश. तींतील फेरेटिमावरचा त्यांचा स्वतःचा ग्रंथ १९२६ मध्यें निघाला. डॉगफिशच्या जागीं आमच्या किनाऱ्यावरील मुशी, म्हणजे स्कोलिओडॉन, हिच्यावर ई. एम्. थिल्लयंपलम् या विदुषींनीं १९२८ मध्यें लिहिलें. क्रेफिशच्या जागीं नदींतील कोळंबी, म्हणजे पॅलेमॉन, तिच्यावरील ग्रंथ नागपूरचे अध्यापक एस्. एस्. पटवर्धन यांचा, सन १९३७ चा. हक्स्ले यांच्या ग्रंथाची ही हिंदी शाखा म्हणावी : सांगाडा तोच, प्राणी आपले.

६

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पोथ्यांच्या अभ्यासांत दोन प्रतींचें नातें समान शुद्ध पाठांवरून ठरवीत नाहींत, समान अपपाठांवरून ठरवितात. कारण शुद्ध पाठ दोघांनीं स्वतंत्रपणें राखलेला असूं शकतो, पण एकच विचित्र चूक दोघांच्या हातून स्वतंत्रपणें होणें दुर्घट. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं १९३३ मध्यें पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत हस्तलिखितांच्या परस्परसंबंधांची जी चिकित्सा केली, तिचा परिचय संग्राहकांस असेलच. तीच दृष्टि जर्नलांस लावावी.

एखाद्या जर्नलांत गांडुळाची पर्याणिका ३२ ते ३७ या वलयांवर दाखविली असेल, तर तें चित्र येथील शेतांतल्या गांडुळाचें नव्हे. तें इंग्रजी पुस्तकांतून उतरलेलें आहे. कांटे जोडीजोडीनें काढले असतील तरी अनुमान तेंच. राना टायग्रीनाचा नर असें लिहून त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस आवाजाच्या पिशव्यांच्या काळसर घड्या दाखविल्या नसतील, तर तेथेंही शंका घ्यावी. कारण इंग्रजी पुस्तकांतील बेडकास अशा बाहेरून दिसणाऱ्या पिशव्या नसतात. कधीं चित्रांत पट्टा १४ ते १६ वर आणि समोरच्या वर्णनांत ३२ ते ३७ असाही मिश्र पाठ मिळूं शकेल. तसा मिळाल्यास तो सर्वांत मोलाचा समजावा. डोळ्यांनीं पाहिलें एक आणि हातानें उतरलें दुसरें, अशी साक्ष एकाच उघड्या पानावर मिळणें हें विरळा. आणि त्याखालीं अध्यापकाची सही असली तर ती साक्ष दुहेरी होते.

परंतु या कसोटीची मर्यादाही ओळखली पाहिजे. अपपाठ नक्कल सिद्ध करतो. शुद्ध पाठ दर्शन सिद्ध करीत नाहीं. १९२६ नंतर फेरेटिमाचें बिनचूक चित्र बहल यांच्या ग्रंथावरून, किंवा त्यावरून झालेल्या क्रमिक पुस्तकांवरून, प्राण्यास हात न लावतां काढतां येत होतें. अशा वेळीं संशोधकानें चित्राचा बिनचूकपणा पाहूं नये; त्यांतील व्यंगें पाहावींत. फाटलेला पडदा, तुटलेली नळी, अंड्यांनीं भरून गेल्यामुळें बाकीचे अवयव झांकून टाकणारी बेडकी, ‘हा भाग दिसला नाहीं’ अशी कबुली. या गोष्टी छापील चित्रांत कधीं नसतात. जें पुस्तकांत नाहीं तेंच विद्यार्थ्यानें पाहिलेलें असतें.

कालनिर्णयासही साधनें आहेत. प्रत्येक प्रयोगाखालील तारीख व सही ही या वह्यांची पुष्पिका होय. गांडूळ व बेडूक पावसाळ्यांत सहज मिळणारे. त्यांचे प्रयोग श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास ओळीनें झालेले दिसले तर तें स्वाभाविक, आणि सर्व प्रयोगांवर परीक्षेच्या तोंडावरची एकच तारीख असेल तर वही एका बैठकींत पुरी केली असें मानण्यास जागा आहे. शास्त्रीय नांवेंही उपयोगी पडतात. १९७२ मध्यें फेरेटिमा या मोठ्या जातीचे विभाग पाडण्यांत आले व आमचें गांडूळ मेटाफायर झालें. सबब हें नांव असलेली वही त्या सालापूर्वींची असूं शकत नाहीं. उलट जुनें नांव आढळलें तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. क्रमिक पुस्तकांनीं तें नांव पुढें कित्येक वर्षें सोडलें नाहीं. तसाच राना टायग्रीना आतां हॉप्लोबॅट्राकस टायगरिनस आणि कोळंबी मॅक्रोब्रॅकियम या नांवानें ओळखली जाते.

७

हक्स्ले यांच्या परंपरेची तिसरी वाचना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झाली. इंग्लंडांत १९१८ पासून चालत आलेल्या हायर स्कूल सर्टिफिकेटच्या जागीं १९५१ मध्यें ‘ए लेव्हल’ परीक्षा आली, तेव्हांही प्राण्यांची माळ बहुतेक कायमच होती. ग्रोव्ह व न्यूएल यांचा १९४२ चा प्राणिशास्त्रावरील ग्रंथ तिचाच नमुना. पण १९७० मध्यें नफील्ड प्रतिष्ठानच्या आश्रयानें ए लेव्हलसाठीं नवीन जीवशास्त्र प्रसिद्ध झालें, आणि लगेच १९७१ मध्यें एम्. बी. व्ही. रॉबर्ट्स यांचें पुस्तक निघालें. आतां प्रकरणांना प्राण्यांचीं नांवें राहिलीं नाहींत; श्वसन, उत्सर्जन, अनुवंश, परिस्थितिसंबंध अशीं कार्यांचीं नांवें आलीं. बेडूक हा ग्रंथाचा विषय न राहतां एका प्रकरणांतलें उदाहरण झाला. आपल्याकडे इंटरचा वर्ग जाऊन १९७० च्या दशकांत अकरावी-बारावीची रचना आली, आणि अनुक्रमणिका हळूहळू त्याच दिशेनें वळली. पुढें प्राण्यांच्या चिरफाडीवरच आक्षेप आले. १९१४ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१४ मध्यें, विद्यापीठ अनुदान आयोगानें पदवी व पदव्युत्तर वर्गांतूनही ती बंद करण्याची सूचना काढली. जीवहत्या टळली हें योग्यच झालें. संशोधकाच्या दृष्टीनें त्याचा अर्थ इतकाच कीं, या जातीच्या वह्यांची परंपरा आतां खंडित झाली आहे. ज्या उरल्या तेवढ्याच.

एवंच, सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं एका शिक्षकानें असा आग्रह धरला कीं, विद्यार्थ्यानें माझ्या शब्दावर न विसंबतां स्वतः पाहावें. तो आग्रह कोठवर टिकला, परीक्षेनें तो कोठें मोडला, आणि पुस्तक व प्राणी यांत विरोध आला असतां येथील विद्यार्थ्यानें कोणाचें ऐकलें, याचा पुरावा छापील ग्रंथांत नाहीं. पोथीच्या नकलकारास मूळ प्रतीशीं इमान राखणें हा गुण. जर्नलाच्या लेखकास तोच दोष. म्हणून या वह्या वाचण्यास पाठभेदांची संवय असलेला डोळा पाहिजे, आणि तो संग्राहकांपाशीं आहे.

तेव्हां संग्राहकांस विनंति अशी. जर्नल हातीं आल्यास त्याचें वेष्टन, कॉलेजच्या नांवाची चिठ्ठी व अनुक्रमणिकेचें पान काढून टाकूं नये. सह्या व तारखा खोडूं नयेत. एकाच वर्गाच्या दोन वह्या सांपडल्यास त्या विलग करूं नयेत, कारण त्यांचे अपपाठ ताडून पाहण्यांतच त्यांचें खरें मोल आहे. नोंद करतांना चार गोष्टी टिपाव्या : प्रकरणांचा क्रम, प्राण्यांचीं नांवें, गांडुळाच्या पट्ट्याचे वलयांक, आणि पुस्तकांत नसलेलें असें काय त्या चित्रांत आहे तें. पहिल्या तिहींवरून वहीचें कुल व काल यांचा अंदाज बांधतां येईल. विद्यार्थ्यानें खरोखर काय पाहिलें तें चौथीवरून कळेल.